दोनच बटनं

मामाजींच्या दुकानात गाडी घेऊन गेलात की पहिला हुकूम सुटायचा, "डोळे मिटा." या-बसा नाही, पाणी नाही, काम काय ते विचारणं नाही. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसायचं आणि ते खिडकीतून आत वाकायचे. मग दुसरा हुकूम यायचा, "आता आवाज वाढवा." तुमचा अंगठा स्टिअरिंगवर कुठे जाऊन पडतो हे ते मांजर उंदराकडे बघतं तसं रोखून बघायचे. आणि सवयीने हात पुढे टेपकडे गेलाच, तर मनगटावर फटका बसायचा. हो, खरोखरचा फटका! भंडाऱ्याहून आलेल्या एका चांगल्या जाडजूड कंत्राटदाराला तो बसलेला मी बघितला आहे. तो बिचारा मनगट चोळत म्हणाला, "अहो मामाजी, अजून टेप लागलाच नाही ना." मामाजी म्हणाले, "म्हणूनच जी. लागल्यावर तुमी माझं काय ऐकता?"

अख्खं अड्याळ त्यांना तोंडावर मामाजी आणि पाठीमागे डोळेमिटे म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मूळचे ते नाकाडोंगरीकडचे. तरुणपणी तिकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात वायरिंग शिकले, मग सासुरवाडीच्या आधाराने अड्याळला येऊन पंपाच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं. पाटीवर शेवटपर्यंत 'मोटार वाइंडिंग' एवढंच लिहिलेलं होतं. गाड्यांचे टेप बसवतात हे पाटीवर लिहा, असं कोणी सुचवलं की म्हणायचे, "ज्याले माहीत आहे तो येते. ज्याले माहीत नाही त्याले मी कायले बोलवू?"

विनय वगैरे प्रकार त्यांच्या गावी नव्हता. "माझ्यासारखा जोड भंडारा जिल्ह्यात दाखवा, मी दुकानाले कुलूप लावतो," हे दिवसातून एकदा तरी व्हायचंच. पण जोड होताही तसा. वायरी नुसत्या पिळून काळी पट्टी गुंडाळायची, हे त्यांच्या लेखी पाप होतं. "उन्हाळ्यात पट्टीचा गोंद वितळते, पावसाळ्यात पट्टी सुटते, अन् हिवाळ्यात तुमी मले शिव्या देता," असं म्हणून ते प्रत्येक जोडाला सोल्डरचा डाग द्यायचे, त्यावर नळी चढवायचे आणि शेवटी सगळ्या वायरी मोटारीच्या कॉइलला बांधतात त्या पांढऱ्या सुती दोऱ्याने आवळून टाकायचे. टेपच्या मागे, जिथे कोणाची नजर जन्मात जाणार नाही तिथे, वेणी घातल्यासारखं काम.

आता त्यांचं खरं भांडण कशाशी होतं ते सांगते. हल्लीच्या गाड्यांना स्टिअरिंगवरच आवाजाची, फोनची बटनं येतात. लोकांना हौस मोठ्या पडद्याची. कंपनीचा टेप काढायचा, पाटीएवढा पडदा लावायचा. लावणारा घाईत असतो. स्टिअरिंगकडून येणाऱ्या बारीक वायरी तो नव्या टेपला जोडतच नाही, गुंडाळून मागे कोंबतो. बटनं मरतात. गिऱ्हाईकाने विचारलं तर ठरलेलं उत्तर, "जाऊ द्या ना भाऊ, टच आहे ना." हे 'टच आहे ना' ऐकलं की मामाजींचा पारा चढायचा. "टच आहे, पण त्याले डोळे लागते! अन् डोळे रस्त्यावर लागते! देवानं दोनच देले, तिसरा असन तं लावा टच." एवढं बोलून ते बॅटरीची तार काढायला घ्यायचे. बॅटरी सोडल्याशिवाय काम नाही आणि पिवळ्या वेष्टणाच्या वायरीला, म्हणजे एअरबॅगच्या, हात नाही, हे त्यांचे दोन नियम. त्या वायरीजवळून हात नेतानासुद्धा ते श्वास धरायचे.

लोक म्हणायचे, याचं कोणी तरी नक्कीच अपघातात गेलं असणार, त्याशिवाय माणूस एवढा हात धुऊन मागे लागत नाही. मी एकदा सरळ विचारलं. माझा स्वभावच तसा, पोटात ठेवून मला झोप येत नाही. मामाजी हसले. "कोणी नाही गेलं जी ताई. कोणी जाऊ नये म्हणून तं करून राहिलो."

आणि बटनं जोडली म्हणजे काम झालं असंही नाही. नव्या टेपला शिकवावं लागतं की हे बटन दाबलं म्हणजे आवाज वाढव, ते दाबलं म्हणजे फोन घे. पडद्यावर खूण निवडायची, स्टिअरिंगवरचं बटन दाबून धरायचं, की टेप ते लक्षात ठेवतो. मामाजी याला शिकवणी म्हणायचे, आणि शिकवणीला गाडी चालवणाऱ्याचाच अंगठा लागायचा. एका गृहस्थांनी लेकीसाठी गाडी घेतली आणि स्वतःच घेऊन आले. मामाजींनी विचारलं, "चालवणार कोण?" "पोरगी." "मंग तिले आणा." "अहो, बटन तं तेच राहते ना!" "बटन तेच राहते, अंगठा तिचा राहते." ते गृहस्थ तणतणत निघून गेले आणि शेवटी लेकीला घेऊन परत आले. पोरीचा हात लहान. डोळे मिटल्यावर तिचा अंगठा आवाजाच्या बटनापर्यंत पोचेचना, अलीकडच्या भलत्याच बटनावर पडे. मामाजींनी त्या भलत्या बटनालाच आवाज शिकवला. "पण मामाजी, यावर तर दुसरंच चित्र आहे," पोरगी म्हणाली. "चित्र कंपनीचं आहे, बेटा. तुले थोडी ना पाहाचं आहे त्याच्याकडे?" पोरगी अजून तीच गाडी चालवते आणि दुसऱ्या कोणाला त्या गाडीत आवाज सापडत नाही.

माझी गाठ त्यांच्याशी पडली ती मात्र आईमुळे.

आमचं अड्याळला कापडाचं दुकान. बाबा गेल्यावर आई एकोडीचं घर सोडून माझ्याकडे आली. भाऊ पुण्याला. आधी आई नावं विसरायला लागली, मग वेळ, मग मला. नागपूरच्या डॉक्टरांकडे तिला दर महिन्याला न्यावं लागे. भाड्याचा ड्रायव्हर ठेवून बघितला, तर "हा कोण माणूस? मले कुठं घेऊन चालला?" म्हणून तिने आरडाओरडा केला. आमच्या ह्यांना गाडी चालवायची धास्ती. राहिले मी. आई माझ्याशेजारी शांत बसायची, पण एकाच अटीवर. गाणी सुरू पाहिजेत, आणि तीही तिचीच.

आई रोवण्याला जायची तेव्हा गाण्यात पुढे असायची. चिखलात वाकून भात रोवता रोवता एक ओळ हिने म्हणायची आणि मागून सगळ्या बायांनी उचलायची. आजार बळावायच्या आधी एका दुपारी मी एकोडीच्या तिच्या चार मैत्रिणींना अंगणात बसवून ती गाणी मोबाइलवर भरून घेतली होती. मध्ये कोंबडी ओरडते, कोणीतरी खोकतं, आई एका बाईवर डाफरते, "सुरात म्हण वं!" तेच गाडीत लावायचं. मग आईचं बोट गुडघ्यावर ठेका धरायचं आणि तिच्या चेहऱ्यावर ती बांधी दिसायची, पाणी भरलेलं भाताचं खाचर.

पुतण्याने हौसेने माझ्या गाडीला कुठूनसा मोठा पडदा बसवून आणला. बटनं अर्थातच मेली. आणि एका फेरीला, भंडारा सोडून जरा पुढे गेलो असू, माझा फोन वाजला. त्या पडद्याची रीत अशी की फोन आला की गाणं बंद. घंटी ठणाणा वाजते आहे, माझा हात पडद्यावर लाल खूण शोधतो आहे, आणि आईने दार उघडलं. धावत्या गाडीचं! "बाया गेल्या! मले उतरू दे वं, बाया गेल्या!" गाणं थांबलं म्हणजे बाया तिला चिखलात एकटी टाकून घरी निघाल्या, असं तिला वाटलं. मी एका हाताने तिचं लुगडं धरलं आणि गाडी कडेला घालून थांबवली. देवाची कृपा म्हणून मागे काही नव्हतं.

तिला मागे बसवून, दार आतून उघडणार नाही असं करून बघितलं, तर तिने काचेवर कपाळ आपटून घेतलं. भावाला कळलं तसा त्याचा फोन आला. तो वाईट नाही हो, घाबरला होता. "ताई, आता बस झालं. पुण्याला एक चांगली संस्था आहे. नर्स, डॉक्टर सगळं तिथंच. आईला तिथे ठेवू." मी म्हटलं, तिथे तिच्याशी बोलेल कोण? तिच्या 'काहून वं'ला 'काय हवंय आजी?' असं उत्तर मिळालं तर ती अजूनच हरवेल. पण वादात माझी बाजू लंगडी होती. आईला सुखरूप नागपूरला नेता येत नसेल, तर तिला माझ्याकडे ठेवायचं कोणत्या तोंडाने म्हणू? भाऊ म्हणाला, पुढच्या फेरीपर्यंत बघ, नाही तर मी न्यायला येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाजींच्या दारात. मी डोळे मिटले, आवाज वाढवला, बटन मेलेलं. नेहमीप्रमाणे त्यांनी त्या न बघितलेल्या फिटरचा उद्धार सुरू केला आणि मला रडू फुटलं. दुकानाबाहेर, भर बाजाराच्या दिवशी. मामाजींनी उद्धार तिथेच सोडला. त्यांनी स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईले घेऊन या. मी पाह्यल्याशिवाय हात नाही लावत."

आईला आणलं. तिने मामाजींकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि विचारलं, "पऱ्हे आणले काय रे?" पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. बाया रोवतात आणि एक गडी त्यांना बांधावरून रोपांच्या जुड्या आणून टाकत असतो. तो गडी तिला मामाजींमध्ये दिसला. मी समजवायला जाणार तोच मामाजी बोलले, "आणले जी बाई. अजून आणतो. तुमी गा." आई खूश! त्या दिवसापासून ते तिच्या हाताखालचे गडी झाले. एरवी कंत्राटदाराच्या मनगटावर फटका मारणारा माणूस, पण आई "लवकर टाक ना रे, झोपला काय?" म्हणून खेकसली तर "चुकलं जी," म्हणायचा.

मग काम सुरू झालं. पडदा निघाला, मागून कोंबलेल्या वायरी निघाल्या. मामाजींनी मीटर लावून एकेक बटन दाबायला लावलं. प्रत्येक बटनाला काटा वेगळीकडे जायचा. "जिवंत आहेत, सगळेच्या सगळे जिवंत आहेत," ते लहान पोरासारखे म्हणाले. जोड झाले, नळ्या चढल्या, दोरा आवळला. सगळ्या बटनांची शिकवणी झाली आणि आम्ही पवनीच्या रस्त्याने चक्कर मारायला निघालो, आई शेजारी, मामाजी मागे. गाणी सुरू होती. एका वळणावर माझ्या अंगठ्याखाली चुकून कोणतं तरी बटन दाबलं गेलं आणि गाण्याच्या जागी रेडिओवर साबणाची जाहिरात! आईचा हात लगेच दाराकडे. मामाजी मागून केवढ्याने तरी ओरडले, "पऱ्हे आणले जी बाई! पऱ्हे!" आई वळून मागे बघू लागली, तेवढ्यात मी गाडी थांबवली.

दुकानात परत आल्यावर मामाजींनी पडद्यावर जाऊन सगळी शिकवणी पुसून टाकली. रेडिओचं बटन, पुढच्या गाण्याचं, फोनचं, सगळी. फक्त दोन पुन्हा शिकवली, आवाज वाढवायचं आणि कमी करायचं. मेलेली बटनं जिवंत करतो म्हणून जिल्हाभर फुशारकी मारणारा हा माणूस! मी म्हटलं, "मामाजी, बाकीची?" ते म्हणाले, "बाकीचे मुके राहू द्या. दाबलं तरी काही व्हाले नाही पायजे." फोनचा त्या पडद्याशी संबंधच तोडून टाकला आणि गाणी पेनड्राइव्हवर घालून दिली, एक संपलं की लगेच दुसरं. गाडी सुरू केल्यावर पडदा जागा व्हायला जरा वेळ लागतो, तेवढी शांतताही नको म्हणून सांगितलं, "आधी गाडी सुरू करा, बायायले गाऊ द्या, मंग आईले बसवा."

आणि मग त्यांनी जे केलं ते आधी कोणासाठी केलं नसेल. त्यांनी आईलाच चालवणाऱ्याच्या सीटवर बसवलं, गाडी बंद, फक्त गाणी सुरू. तिचा अंगठा धरून वरच्या बटनावर ठेवला. आईने दाबलं. आवाज वाढला. तिने पुन्हा दाबलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला! "बाया जवळ आल्या," ती म्हणाली.

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलं ना जी? बस, तेवढंच करा."

तेवढंच केलं. वाटेत आई चुळबुळ करायला लागली, तिची नजर दाराकडे वळली, की मी समोर बघत बघत अंगठ्याने आवाज जरासा वाढवायची. बाया जवळ यायच्या. आईचा हात पुन्हा गुडघ्यावर. पहिल्या फेरीला मामाजी दुकान बंद करून स्वतः सोबत आले. "माझं काम आहे, मी पाहीन," म्हणाले. पुढे प्रत्येक फेरीला काही ना काही निमित्त काढून येतच राहिले. भाऊ पुण्याहून आला, एक फेरी आमच्यासोबत केली, आणि नागपूरहून परतल्यावर अंगणातच मला म्हणाला, "ताई, आई इथेच राहू दे." त्यानंतर संस्थेचं नाव त्याने काढलं नाही. आई माझ्याच घरी राहिली, माझ्याच घरी गेली.

मामाजी गेले ते यंदाच्या हिवाळ्यात. आधी उजवा हात अधू झाला, मग दुकान उघडेना. मी भेटायला जायची तर खाटेवर पडल्या पडल्या मलाच दटावायचे, "सावकाश चालवता ना जी?" त्यांना पोचवायला आलेल्या गाड्यांची रांग पार बाजारापर्यंत होती, आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांच्या पडद्यामागे तो पांढरा दोरा असणार, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मला सख्खा मामा नव्हता. असता तर तो असा असावा असं मला वाटायचं, हे त्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.

पण मामाजी म्हटलं की मला आईची शेवटची फेरी आठवते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता आणू नका, घरीच ठेवा. आम्ही परत येत होतो. पहेला गाव मागे पडलं, दिवस मावळतीला आलेला. आई बाहेर बघत होती. एकाएकी म्हणाली, "सोड ना वं बायायले. दिवस बुडाला. त्यायच्या घरी लेकरं आहेत." माझा अंगठा सवयीने वरच्या बटनावर गेला. इतके महिने मी बाया जवळच आणत आले होते. त्यांना दूर पाठवायला माझा हात धजेना.

आई मागे वळली आणि तिने मामाजींना विचारलं, "सरले काय रे पऱ्हे?"

मामाजी पुढे वाकून म्हणाले, "सरले जी बाई. सारी बांधी रोवून झाली. हिरवीगार दिसून राहिली." आणि मग मला, अगदी हळू, "दाबा ताई. खालचं."

मी खालचं बटन दाबत गेले. बाया बांधावरून दूर दूर गेल्या, आणि मग ऐकू येईनाशा झाल्या. आईने दाराकडे हात नेला नाही. तिने माझ्याकडे बघितलं, नीट, ओळखीचं बघितलं, आणि म्हणाली, "चाल वं मंग, आपुनही घरी जाऊ."